दहा नंबरची जर्सी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)

अध्यक्ष महाराज, कमिटीचे सभासद, भगिनींनो आणि खाली पार्किंगमध्ये फुटबॉल खेळून आमच्या काचा फोडणाऱ्या बालमित्रांनो,

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळ आणि हिशेब दोन्ही पाळीन. विषय मात्र तुम्हाला जरा वेगळा वाटेल. मी एका फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे.

2004 साली माझी बदली पणजीला होती. गोव्यात फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच, किंबहुना काकणभर जास्तच. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, घराघरात क्लबांवरून वाद. त्या वर्षी धेंपोकडे ब्राझीलचा एक खेळाडू आला, क्रिस्तियानो ज्युनियर. आधीच्या हंगामात तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता. राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक, 15 गोल त्याचे, आणि लीगही ईस्ट बंगालनेच जिंकली. वय अवघं 25.

5 डिसेंबर 2004, रविवार. बंगलोरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपो 2-0 ने जिंकले, दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. पण दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो पडला तो उठलाच नाही. धेंपोने पहिल्यांदाच फेडरेशन कप जिंकला, आणि त्याच संध्याकाळी ज्याने तो जिंकून दिला तो माणूस गेला.

सोमवारी शाखा उघडली तेव्हा काउंटरवर गर्दी होती, पण आवाज नव्हता. आमचा शिपाई कट्टर साळगावकरवाला. एरवी धेंपो हरले की पेढे वाटणारा. तो त्या दिवशी व्हाउचर लावता लावता डोळे पुसत होता. मी म्हटलं, "अरे, तुझा क्लब तर दुसरा." तो म्हणाला, "साहेब, पोरगो तो आमचोच मू!" यावर मी काय बोलणार?

पुढे धेंपोने 10 नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली. आजही तारीख आली की कोलकात्यात लाल-पिवळ्याचे चाहते आणि गोव्यात धेंपोचे चाहते, दोघंही त्याची आठवण काढतात. दूर देशातून आलेला मुलगा, इथे फार थोडा काळ राहिला, पण परका राहिला नाही.

मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा देशभर टीका झाली. आता दुसरं उदाहरण ऐका. 12 जून 2021, कोपनहेगन, युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच मैदानात कोसळला, हृदय बंद. पण लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, विजेचा झटका देणारं यंत्र बाजूलाच होतं. तो वाचला. नुसता वाचला नाही, पुन्हा खेळायला लागला.

हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. बँकेच्या भाषेत सांगतो, एवढं व्याज कोणतीही बँक मिनिटाला लावत नाही! 108 ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत हात आपलेच. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. हे एका दुपारी शिकता येतं.

आपल्या सोसायटीत आम्ही सत्तरी ओलांडलेले किती आहोत, ते प्रत्येक जिन्यावर कळतं. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचा ठराव आहे. कमान सुंदर दिसेल, माझा विरोध नाही. पण त्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. एक, क्लब हाउसमध्ये ते झटक्याचं यंत्र. दोन, वॉचमनसकट प्रत्येक विंगमधल्या चार जणांना प्रशिक्षण. आणि तीन, बी विंगसमोरच्या स्कूटर्स हलवा हो! अँब्युलन्स कमानीखालून आत येईल, पण लिफ्टपर्यंत पोहोचणार कशी?

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडतोय. अनुमोदक हवा आहे. काचा फोडणाऱ्यांपैकी कुणी अठरा पूर्ण केली असतील, तर प्रशिक्षणाला पहिलं नाव त्याचं लिहीन.