रात्री दोनची परीक्षा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आता घरोघरी मुलंच बोलतात. मी माझ्या गाडीवर बोलते. सकाळपासून निम्म्या लोकांनी विचारलंय, की पटांगणात चिंचेखाली पडदे लावलेली ती व्हॅन कुणाची आणि तिच्यात भाजी विकतात का. व्हॅन माझी आहे. भाजी विकत नाही, पण तिच्यात भाजी-भाकरी होते, झोपताही येतं. ती कशी तयार केली आणि पहिल्या तीन सहलींत मी काय काय चुकले, ते सांगते.

सुरुवात आपल्या नववीच्या सहलीपासून करते. एसटी घाटाच्या अलीकडे थांबली आणि मुलं एका दमात झाडीत पळाली. आम्ही मुली तशाच बसून. तेव्हा शिवणाच्या बाई उतरल्या. दोन्ही हातांनी शाल ताणून आडोसा धरला आणि आम्हा सगळ्यांचं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना कदाचित आठवत नसेल, आम्हाला आठवतं.

माझ्या आईसाठी अशी शाल कुणी धरली नव्हती. तिने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद. लग्नाला जायचं असो की देवाला, घरी परत येईपर्यंत दोन घोट चहा, बस्स. माझ्या सगळ्या मावश्या, आत्या हेच करत. साठी ओलांडल्यावर आईला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं. आईने ऐकलं, पण प्रवासच बंद केला. त्यात गुडघे गेले, त्यामुळे वाटेतल्या भारतीय पद्धतीच्या संडासात बसणंही बंद. "मला आता कुठे न्यायचं नाव काढू नका," एवढंच म्हणायची.

म्हणून मी व्हॅन घेतली. हौस होतीच, नाही कशाला म्हणू? लांबट, सरकत्या दाराची, सेकंड हँड. आधी ठरवलं की गाडीला एकही भोक पाडायचं नाही, काही वेल्डिंग करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. विम्याचीही भानगड होऊ शकते. म्हणून माझं सगळं सामान उचलून बाहेर काढता येतं. मागच्या सीटची पाठ पाडली की तिच्यावर पाय असलेली फळी बसते आणि वर तीन घड्यांची गादी पसरते. झोपायला सहा फूट लांब, चार फूट रुंद जागा मिळते. फळीखाली खोके.

आता विजेचं गणित. हे सरांनी शिकवलेलंच आहे, वॅट गुणिले तास. पंखा १५ वॅटचा, नऊ तास म्हणजे १३५ वॅट-तास. दिवा ५ वॅटचा, चार तास म्हणजे २०. दोन फोन मिळून ३०. एका रात्रीला १८५ झाले. माझी लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे ६४० वॅट-तास. तीन रात्री जेमतेम निघतात. गाडी चालत असताना ती चार्जरमधून अल्टरनेटरवर भरते. वायरिंग गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवला. फ्रिज घ्यायचा मोह झाला होता. ४५ वॅटचा छोटा फ्रिज दिवसातले निम्मे तास चालला तरी ५४० वॅट-तास खातो, म्हणजे बॅटरी एका दिवसात संपली. त्याऐवजी थर्माकोलचा डबा घेतला आणि त्यात घरून बर्फ करून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या. दूध दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं आणि बर्फ वितळला की प्यायला गार पाणी मिळतं.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलेंडर आणि एक शेगडी. ती पेटवायची फक्त बाहेर. थंडी असो, पाऊस असो, बंद गाडीत काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. पाऊस लागला तर चिवडा खायचा. दाराशी एक किलोचं आग विझवायचं नळकांडं ठेवलंय.

खिडक्यांना चंदेरी फोमचे तुकडे आहेत, वर्तमानपत्राचा माप-कागद करून कापलेले. ते लावले की बाहेरून आतलं दिसत नाही. दोन खिडक्या मात्र बोटभर उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी. एवढ्याशा जागेत दोन माणसांच्या श्वासानेच सकाळी काचांवर पाणी साचतं.

इतकं सगळं झाल्यावर मला वाटलं, गाडी तयार आहे. आमच्या कामात कुठलंही सॉफ्टवेअर आधी घरच्या घरी चालवून बघतात. म्हणून पहिली सहल सोसायटीच्या पार्किंगमध्येच काढली. आईला म्हटलं, "फक्त एक रात्र, वर आपलं घर आहेच." ती कशीबशी तयार झाली. साडेनऊला वॉचमन हळूच येऊन म्हणाला, "ताई, घरात काही भांडण झालंय का?" आम्ही खूप हसलो.

रात्री दोनला आईने मला हलवलं. तिला जायचं होतं. तिच्यासाठीच आणलेली घडीची कमोड खुर्ची, मेडिकलच्या दुकानात मिळते ती, फळीखाली होती. तिच्या पुढे भांड्यांचा खोका, त्यावर कपड्यांची बॅग. टॉर्च त्या बॅगेत. मी फोनच्या उजेडात गादी उचलायला लागले आणि आई म्हणाली, "राहू दे गं. सकाळ होईलच की."

तिने हे वाक्य आयुष्यभर म्हटलं होतं. ते बंद व्हावं म्हणून मी गाडी घेतली, आणि पहिल्याच रात्री तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. लिफ्टने वर जाऊन आलो. मला पुढे झोप लागली नाही. बॅटरीचं गणित बरोबर होतं, खिडक्यांची मापं बरोबर होती, पण सामान मी माझ्या सोयीने लावलं होतं. आधी मोठं, मग लहान, जिथे मावेल तिथे. कुठली वस्तू कधी लागेल आणि कुणाला लागेल, हा विचारच केला नव्हता.

सकाळी सगळं बाहेर काढलं आणि मोजलं. नेलेल्या वस्तू ८६, वापरलेल्या २९. पोळपाट तर मी का घेतला होता, देव जाणे. मग एक नियम केला. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू रात्री दोन वाजता, अंधारात, एका हाताने सापडशील का? ज्या सापडायलाच हव्यात त्या सरकत्या दाराशी. टॉर्च, पाण्याची बाटली, आईच्या गोळ्या, चष्मा, चपला, गाडीची किल्ली. एका लांब कापडाला कप्पे शिवून ते सीटच्या पाठीला टांगलं. कंपासपेटीत कर्कटकाची खाच कर्कटकाचीच असते ना, तसं. टॉर्च वापरला की परत टॉर्चच्याच कप्प्यात. बाकीच्या सामानाचे तीन खोके, स्वयंपाक, कपडे आणि गाडीची हत्यारं. चौथा खोका मावतच नाही, हे फार बरं झालं.

आणि मुक्कामाचा क्रम बदलला. गाडी लावली की चुलीच्या आधी आडोसा. कपडे बदलायचा उभा तंबू मिळतो, दोन मिनिटांत उघडतो. तो सरकत्या दाराला चिकटून बांधायचा, आत खुर्ची, दाराशी पायरीचं स्टूल आणि वर धरायला पट्टा. खुर्चीखालच्या बादलीचं झाकण घट्ट बसणारं हवं. बादलीत थोडं पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी मुक्कामाच्या नाहीतर पेट्रोल पंपाच्या संडासात रिकामी करायची, उघड्यावर कुठेही नाही. हे सगळं लावून झाल्याशिवाय आम्ही चहासुद्धा ठेवत नाही.

दुसरी सहल मामाच्या मळ्यात, घरापासून तासाभरावर. त्या रात्री आई दोनदा उठली. मला सकाळी कळलं. तिने मला उठवलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने गाडी त्या दिवशी तयार झाली.

तिसरी सहल कोकणात. कराडहून कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. या वेळी चूक झाली ती वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे पाठ असूनही वीस लिटरचा कॅन मी अगदी मागच्या दाराशी ठेवला होता. वळणावर गाडीचा मागचा भाग हलका डुलायचा. त्यात घाटात ब्रेक लावला आणि कांद्यांची पिशवी उलटली. एक कांदा गडगडत माझ्या पायाशी आला. हसण्यासारखं वाटतं, पण तो ब्रेकच्या पेडलखाली अडकला असता तर? जागा बघून गाडी थांबवली. पाणी दहा-दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये केलं आणि मागच्या चाकांच्या पुढे, अगदी खाली, पट्ट्याने बांधलं. जड ते खाली, गोल ते पिशवीत, पिशवीला गाठ आणि ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नाही.

गुहागरला एका घरगुती लॉजच्या मालकांना विचारलं, अंगणात गाडी लावू का, न्हाणीघर वापरण्याचे पैसे देते. ते लगेच हो म्हणाले. आपल्याकडे कॅराव्हॅनसाठी खास जागा अजून फार नाहीत. राज्याने २०२१ मध्ये त्याचं धोरण आणलं, पण तोवर माणसांचं अंगणच बरं. दोघी बायका आहोत, म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. पाचच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. ड्रायव्हरच्या सीटवर रात्री एक पिशवीसुद्धा ठेवायची नाही, निघायचं झालं तर लगेच निघता यावं.

दुसऱ्या दिवशी व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, हेदवीचा दशभुज गणपती पाहिला, संध्याकाळी समुद्रावर गेलो. आई वाळूत खुर्ची टाकून बसली आणि शहाळं मागितलं. ते संपवून म्हणाली, "अजून एक सांग." मी तिच्याकडे बघतच राहिले. जन्मभर प्रवासात घोट घोट मोजणारी बाई दुसरं शहाळं मागत होती. तिला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी काय बघतेस? पैसे नाहीत का?"

तर, कुणाला अशी गाडी करायची असेल, तर माझा अनुभव एवढाच. आधी विकत काही घेऊ नका. आहे त्या गाडीत, दाराशी, एक रात्र झोपून बघा. बरोबर जे माणूस नेणार असाल, त्याला सगळ्यात जास्त अडचण कशाची आहे ते विचारा. ते सहजासहजी सांगणार नाही, "राहू दे" म्हणेल, तेव्हा दोनदा विचारा. गाडी त्या अडचणीपासून लावायला घ्या. पंखा, दिवे, पडदे मागाहून होतात. परत आल्यावर न वापरलेलं सामान बाहेर काढा आणि पुढच्या वेळी ते घरी ठेवा. आमची यादी आता ४१ वस्तूंवर आली आहे. तिची प्रत गाडीच्या दाराला लावली आहे, हवी त्याने फोटो काढून घ्यावा.

जेवणाची सुट्टी झाली की गाडी पाहायला या. आत चढताना चपला बाहेर काढा, आई आतच बसली आहे आणि ती बोलेल. आणि शिवणाच्या बाई, तुम्ही आधी या. कप्प्यांचं ते कापड मी हाताने शिवलंय. टाके बघून मार्क द्या, पण आता नापास करू नका.