पहिला सलाम कुणी करायचा?



संयोजकांनी मला करिअरवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची परवानगी घेऊन मी दुसरंच बोलणार आहे. तुमच्यातले बरेच जण शिकायला, नोकरीला घराबाहेर पडाल. तिथं रक्ताचं नातं नसलेली माणसं तुमचं घर होतील. मलाही असं एक घर मिळालं होतं. ते मी माझ्याच हातानं तोडलं.

२००८ साली मी उदगीरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. नाव ऐकून दोन ठिकाणी खोली नाकारली. शेवटी धनकवडीत बीडच्या आणि जळगावच्या दोन मुलांनी मला आपल्या खोलीत घेतलं. खाली काकूंची मेस होती. रमजान आला तेव्हा काकूंनी विचारलं, "पहाटे किती वाजता जेवायचं असतं रे तुला?" त्या दिवसापासून रात्रीच्या डब्याबरोबर सहरीचा वेगळा डबा यायला लागला. बीडवाला गजर लावून मला उठवायचा आणि डब्यातलं अर्धं स्वतःच खायचा. नोकरी लागल्यावर खोल्या वेगळ्या झाल्या, तरी ईदला मी काकूंकडे शीरखुर्मा घेऊन जायचो आणि दिवाळीला फराळ घेऊन यायचो.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन. तबलिगी जमातीवरून तेव्हा काय चाललं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. मुसलमान मुद्दाम आजार पसरवतात, अशा अर्थाचा एक मेसेज बीडवाल्यानं आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. तो मेसेज खोटा होता, विषारी होता. आजही माझं मत तेच आहे. तसं त्याला ठणकावून सांगायला हवं होतं. मी ते केलं नाही. मी लिहिलं, "आतून तुम्ही सगळे सारखेच," आणि ग्रुप सोडला. त्या 'सगळे'मध्ये जळगाववाला आला, काकूही आल्या. बीडवाल्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

२१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यताही न्यायालयानं नोंदवली. दुसऱ्या दिवशी बीडवाल्यानं मला ती बातमी पाठवली. खाली दोनच शब्द होते : "माझं चुकलं." मी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. राहू दे थोडे दिवस असाच, असं मनात म्हटलं. खरं सांगतो, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, काकू गेल्या. मला ते जूनमध्ये कळलं, तेही कॉलेजच्या एका ओळखीच्याकडून. तो म्हणाला, दवाखान्यात नेण्याआधी काकूंनी विचारलं होतं, "रोजे सुरू झाले असतील ना? तो येत का नाही रे आता?"

तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो, ही हदीस मला लहानपणापासून माहीत होती. मी त्यातही पळवाट काढली होती : ती तर मुसलमान भावाबद्दल आहे, हा कुठे मुसलमान?

१० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरी असलेल्या सावित्रीबाई जोतिबांना पत्र लिहितात. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यात म्हणतात. आपण हे पत्र हिंदू-मुस्लीम मैत्रीचा दाखला म्हणून सांगतो. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दूर असतानाही आपल्या माणसाला काय सोसावं लागतंय, याची त्यांना जाणीव होती. लॉकडाऊनमध्ये मुलं गावी गेली, काकूंची मेस बंद पडली. त्यांचं कसं चाललंय, हे मी एकदाही विचारलं नाही. माझी जखम खरी होती, पण मी तिच्यापलीकडे बघितलंच नाही.

रक्ताच्या नात्यात भांडण झालं, तरी निकाह, मय्यत, ईद माणसांना एका खोलीत आणून बसवतात. निवडलेल्या नात्याला अशी सोय नसते. तिथं कुणीतरी फोन करावाच लागतो. माझा धंदा डेटा सांभाळण्याचा, पण फोन बदलला तेव्हा त्या ग्रुपमधलं सगळं गेलं. काकूंचा आवाज असलेला एकही मेसेज माझ्याकडे उरला नाही.

गेल्या रमजानमध्ये मी बीडवाल्याला फोन केला. मग भेटलो. मी माफी मागितली. तो चांगलं बोलला, मुलांचे फोटो दाखवले. निघताना म्हणाला, "या तुम्ही घरी कधीतरी." बारा वर्षं 'अबे' म्हणणाऱ्यानं मला 'तुम्ही' म्हटलं. ते 'तुम्ही' घेऊन मी घरी आलो.

तरी मी पुन्हा जाणार आहे, 'तू' होईपर्यंत.

चुकीला चूक म्हणा, मान खाली घालू नका. पण एका माणसाच्या चुकीसाठी 'तुम्ही सगळे' म्हणू नका. आपल्याला कुणी तसं म्हटलं, तर किती लागतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि असा एखादा फोन राहिला असेल, तर तो आज करा.