कुकडीच्या पात्रांतले रांजण

शरद् ऋतूंत डोंगरउतारावरचें गवत पिवळें पडूं लागलें, म्हणजे नाणेघाटाहून जुन्नरमार्गें निघोजपर्यंतचा मोटारप्रवास मोठा रमणीय होतो. नाणेघाटानजीक उगम पावणारी कुकडी निघोजला काळ्या खडकांतून वाहते. पूर ओसरतांच तिच्या पात्रांतले रांजणखळगे उघडे पडतात. सुमारें ६.५ कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा हा कठीण पाषाण कोरला कोणीं? भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं! पुरांत गरगर फिरून ते खडक झिजवितात आणि स्वतःहि झिजतात. श्रोत्यांपैकीं जो कोणी तेथें जाईल, त्यास खळग्यांतला एखादा गुळगुळीत गोटा घरीं न्यावासा वाटेल. परंतु तें नदीचें हत्यार आहे. तें उचलून नेल्यास पुढील पावसाळ्यांत नदीनें कोरावें कशानें?