परसातील कोथिंबीर
(देऊळघाट येथील महिलांपुढे केलेले भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा आला की पाण्याबरोबर हिरवा पालाही दुर्मीळ होतो. बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी दुसऱ्याच दिवशी मान टाकते. भाव चढले की ती ताटातून नाहीशीच होते. हा केवळ चवीचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कोथिंबीर हे त्यावरील औषध नव्हे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु रोजच्या आहारात हिरव्या पाल्याची जोड हवी, आणि तो पाला दाराशीच पिकविता येतो.

तेलाचा रिकामा डबा घ्यावा व त्याच्या बुडाला भोके पाडावीत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. धन्याच्या एका फळात दोन बिया असतात. तेव्हा धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि बोटाच्या एका पेराएवढ्या खोल पेराव्यात. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात व सुमारे चाळीस दिवसांत पाला काढणीस येतो. रोप मुळासकट न उपटता वरून कापले, तर पुन्हा फुटवा मिळतो.

कडक उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर येते. म्हणून उन्हाळ्यात डबा सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल असा ठेवावा. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तिला पुरते. दर पंधरा दिवसांनी नवा डबा पेरला, तर घरात खंड पडत नाही.

कोथिंबिरीचे विलायती भावंड म्हणजे पार्सली. तिची लागवडही याच रीतीने होते. मात्र बी उगवण्यास तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

शेवटी एक सूचना. कोथिंबीर वरणात शिजवू नका. ताट वाढताना वरून घाला व लिंबू पिळा. शिजविल्याने ‘क’ जीवनसत्त्व घटते, आणि अन्नातील लोह अंगी लागण्यास तेच साह्य करते. शिवाय ताट वाढताना घरातील बाईच्या ताटातही ती पडू द्या, एवढीच विनंती.