प्रत कुठं ठेवायची?

21 मार्च 2021, रविवारची पहाट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या, संगणकांवर ‘सायनॅक’ नावाच्या रॅन्समवेअरनं घाला घातला. फायलींना कुलूप लागलं आणि मागं एक चिठ्ठी उरली : उघडून हवं असेल तर संपर्क साधा. पाचशे कोटी मागितल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. चिठ्ठीत रक्कमच नाही, असा खुलासा महामंडळानं केला. पण मुंबईचं मुख्यालय आणि 16 प्रादेशिक कार्यालयं यांचं संगणकावरचं काम ठप्प झालं होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखानदारांचं भूखंडापासून पाण्याच्या बिलापर्यंतचं काम याच महामंडळाकडं असतं.

खंडणीच्या आकड्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या खुलाशातल्या दुसऱ्या गोष्टीची झाली नाही. बॅकअपच्या फायली क्लाउड डेटा सेंटरमध्ये, नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या. खरी बातमी ती होती.

आता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं एखादं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकानं पाठवलेली कास्टिंगची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम, सगळं ऑफिसातल्या एका संगणकावर. तोच फोल्डर गूगल ड्राइव्हला नाहीतर वनड्राइव्हला जोडलेला. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, “क्लाउडवर हाय की सगळं!”

आहे, पण ते बॅकअप नव्हे. जोडलेल्या फोल्डरचं काम एकच, इथला बदल तिथं जसाच्या तसा पोचवायचा. अकाउंटंटनं ‘थकीत बिल’ म्हणून आलेली मेलमधली फाइल उघडली आणि आत रॅन्समवेअर निघालं, तर ड्रॉइंगच्या नावांमागं अनोळखी अक्षरं लागू लागतात, फाइल उघडत नाही, आणि ते बिघडलेलं रूप क्लाउडवरही इमानेइतबारे जाऊन बसतं. गूगल ड्राइव्ह अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण 30 दिवस ठेवतो. वनड्राइव्हही 30 दिवस मागं नेता येतो. सोय चांगली आहे, तिची माहिती असलीच पाहिजे. मात्र घुसखोर कधी कधी आठवडेच्या आठवडे गुपचूप बसून असतो. शिवाय आपली माहिती दुसरीकडंही जपून ठेवा, असं मायक्रोसॉफ्टच्या सेवा करारातच सुचवलेलं आहे. तो करार वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

आपोआप जुळत राहणाऱ्या प्रती एकदम कशा बुडतात, हे जून 2017 मध्ये दिसलं. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमनं मर्स्क ही जहाज कंपनी गाठली, तिच्या समूहाचं जेएनपीटीतलं टर्मिनलही अडकलं. कंपनीचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला कुठं प्रवेश द्यायचा ते सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांशी जुळलेले होते, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचा बॅकअप. सगळे एकदमच गेले. वाचला तो एकटा घानातला, कारण हल्ल्याआधी तिथं वीज गेली होती! त्यातला डेटा माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेऊन कंपनी पुन्हा उभी केली. लोडशेडिंगचे असे उपकार फार थोड्यांच्या नशिबी येतात.

क्लाउडवाल्या कंपनीवरच हल्ला झाला तर? ऑगस्ट 2023 मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिकवर तो झाला. ग्राहकांचे सर्व्हर गेले, बॅकअपही गेले; कंपनीनं खंडणी नाकारली आणि बहुतेक ग्राहकांचा डेटा परत मिळालाच नाही. त्याआधी 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अॅमेझॉन क्लाउड खात्यात कुणी तरी शिरलं, आणि बारा तासांत डेटाबरोबर बॅकअपही पुसले गेले. दोन्हींची चावी एकच होती. कंपनी बंद पडली.

म्हणून दुसरी प्रत वेगळ्या खात्यात हवी. पासवर्ड वेगळा, ओटीपी वेगळ्या फोनवर, आणि रोजच्या कामाच्या संगणकावर त्या खात्याचं लॉगिन कधीच नको. काही क्लाउड सेवांत ‘ऑब्जेक्ट लॉक’ मिळतं. त्याच्या कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत फाइल खुद्द मालकालाही पुसता येत नाही. तिसरी प्रत साध्या हार्डडिस्कवर चालेल. कॉपी झाली की केबल काढायची आणि डिस्क ऑफिसात ठेवायची नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरीत शिरलेल्या पाण्यानं टेबलावरचा संगणक आणि ड्रॉवरमधली हार्डडिस्क असा भेद केला नव्हता. पुराआधी निदान राजाराम बंधाऱ्याची पातळी तरी कळते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. रॅन्समवेअरला असली मोजपट्टी नाही.

हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची केबल काढावी. 2022 च्या नियमाप्रमाणं सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा क्रमांक आहे.

आणि बॅकअप घेतल्यावर तो एकदा परत उतरवूनही पाहावा. सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना, कोऱ्या संगणकावर. टॅली उघडते का, मार्चअखेरची शिल्लक जुळते का, सीएनसीचा प्रोग्रॅम मशीन घेतं का, हे तपासावं. सगळ्याला किती तास लागले ते वहीत लिहून ठेवावं. हल्ल्यानंतर पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन येईल, तेव्हा डिलिव्हरीची नवी तारीख त्याच आकड्यावरून सांगायची असते.