सहा तोंडांचा चार्जर

मागच्या खेपेला आम्ही शेळ्यांच्या गोठ्याविषयी बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. परदेशी जाताना फोनचा चार्जर कुठला घ्यावा, हा विषय आहे. आपल्याला कुठं परदेशी जायचंय, असं म्हणू नका. आपल्या प्रभागसंघातल्या पाचजणी गेल्या वर्षी केनियाला जाऊन आल्या, यंदा आणखी पाचजणी जाणार आहेत. शिवाय दुबईला लेकाकडं, सिंगापूरला लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया आपल्या तालुक्यात आता थोड्या नाहीत.

आम्ही गेलो होतो तिथल्या बायकांचे बचत गट बघायला. तिकडं गटाला ‘चामा’ म्हणतात. नैरोबी शहर आणि जवळचा माचाकोस भाग, असा आठ दिवसांचा दौरा होता. जायच्या आधी महिनाभर आमची तयारी चालली होती. चटण्या, धपाटी, गुडघ्याचं तेल, देवाचा अंगारा, सगळं यादी करून भरलं. चार्जरची आठवण झाली ती निघायच्या आदल्या दिवशी. मग स्टँडसमोरच्या दुकानातून एक ‘जगभर चालणारा’ अडॅप्टर घेतला दीडशे रुपयांचा आणि एक सहा तोंडांचा चार्जर घेतला अडीचशेचा. फोन पाच, तोंडं सहा. एक शिल्लकच राहतंय म्हणून आम्ही खूश होतो.

तिथं खोलीत पोचल्यावर पहिला धडा मिळाला. भिंतीतला बोर्ड आपल्यासारखा नाही. आपल्याकडं पिना गोल असतात, तिकडं तीन चपट्या, जाडजूड, चौकोनी. इंग्लंडमध्ये तीच पद्धत, दुबईत तीच, सिंगापूर-मलेशियातही तीच. त्या बोर्डाच्या खालच्या दोन भोकांना आत झाकणं असतात. वरची लांब पिन आत गेली की ती झाकणं उघडतात. लहान मुलांनी बोट घालू नये म्हणून केलेली सोय आहे ती. आमच्यातल्या एकीनं पेनाचं टोपण वरच्या भोकात घालून झाकणं उघडली आणि आपली दोन पिनांची पिन तशीच आत खुपसली. चाललं, पण पिन सैल बसली आणि आतून चरचर आवाज यायला लागला. मैत्रिणींनो, हे करू नका. तिथला दाब २४० व्होल्ट आहे, आपल्यापेक्षा कमी नाही. घरी आपण पोरांना ज्यासाठी रागावतो तेच आपण परक्या देशात जाऊन करत होतो.

मग अडॅप्टर लावला, त्यात सहा तोंडांचा चार्जर, त्याला पाच फोन. सगळ्यांवर चार्जिंगची खूण आली. आम्ही निवांत झोपलो. पहाटे उठून बघतो तर एकही फोन भरलेला नाही, कुणाचा निम्मा तर कुणाचा त्याहून कमी. दुसऱ्या रात्री मध्येच दोन-तीन तास लाईट गेली (होय, तिकडंही जाते), आणि सकाळी पाचही फोन पाव-पाव भरलेले. त्या दिवशी माचाकोसकडच्या एका चामाची बैठक होती. तिथल्या बायका वर्गणी फोनवरून भरतात. एम-पेसा नावाची सोय तिकडं २००७ पासून आहे, साध्या बटणांच्या फोनवरसुद्धा चालते. ती बैठक आम्हाला तुमच्यासाठी चित्रित करून आणायची होती. तास-दीड तास चित्रण केलं आणि दुपारपर्यंत एकेक फोन मान टाकत गेला.

त्याच दुपारी आमच्या अक्कांची लेक इकडं बाळंत झाली. तारीख तीन आठवडे पुढची होती, म्हणून तर अक्का आल्या होत्या. सकाळपासून जावई फोन लावत होते. अक्कांचा लागेना म्हणून मग बाकीच्या चौघींचे. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि लेक आत जायच्या आधी आईशी एकदा बोलायचं म्हणत होती. रात्री खोलीवर येऊन फोन लावला, नऊ वाजता तो चालू झाला आणि टिंगटिंग करत २३ मिस्ड कॉल आले. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, म्हणजे इथं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या, नात झाली होती. पण ती झाली होती दुपारी एकला. अक्का आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोटांवर तास मोजत बसल्या होत्या तेवढं आम्ही पाहिलं. यजमान संस्थेच्या ताईंचा नंबर एकीनंही घरी देऊन ठेवला नव्हता, ही चूक तर चार्जरच्याही माथी मारता येत नाही.

परत आल्यावर आम्ही तो चार्जर उलटा करून भिंगाखाली धरला. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं: आउटपुट ५ व्होल्ट, २.१ अँपिअर. आता बारावीची पुस्तकं काढायला नकोत. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट येतात. पाच गुणिले २.१ म्हणजे साडेदहा वॅट. हे एका तोंडाचे नव्हेत, सहाही तोंडांचे मिळून. पाच फोन लावले की एकेकाच्या वाट्याला दोन वॅट. शेरभर दूध पाच पोरांत वाटलं तसं. आजकालच्या फोनची ५००० ची बॅटरी भरायला १९ वॅट एक तासभर लागतात, असा हिशेब आहे. पाच फोनांचे झाले ९५. साडेदहा वॅटनं ते भरायला नऊ तास, त्यात वाया जाणारं धरलं तर अकरा-बारा. आम्ही झोपलो होतो साडेसहा तास. दुकानदार खोटं बोलला नव्हता. तोंडं सहाच होती. किती वॅट, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून यंदाच्या पाचजणींसाठी आम्ही रीतसर खरेदी केली. शेवयांचं यंत्र घेताना करतो तशी तीन दुकानांतून कोटेशनं मागवली, बैठकीत ठराव घेतला. चार्जरला दोन हजार, म्हणून कोषाध्यक्ष ताई चांगल्याच तडकल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पैसा सगळ्यांचा आहे. शेवटी असं ठरलं की दौरा संपला की चार्जर कार्यालयात राहील आणि नोंदी करायच्या टॅबलाही वापरला जाईल.

आता काय बघून घेतला ते सांगतो.

पहिलं, ‘इनपुट’ या शब्दापुढं काय लिहिलंय. तिथं १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं हवं. मग तो केनियात चालतो, अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालतो, जपानच्या १०० वरही. नुसते २२० किंवा २३० लिहिलेलं असेल तर इथंच ठेवा. आणि एक गैरसमज काढून टाका. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. त्यामुळं इथली इस्त्री किंवा पाणी तापवायची कांडी त्या छोट्या अडॅप्टरला लावायची नाही. तो वितळेल.

दुसरं, एकूण वॅट. आम्ही ६५ वॅटचा घेतला. खोक्यावर ६५ हा आकडा मोठा छापलेला असतो, पण तो एकच तोंड वापरलं तर मिळतो. दोन वापरली की वाटणी होते, आमच्या चार्जरवर ती ४५ आणि २० अशी आहे. चारही वापरली की आणखी कमी. ही वाटणी खोक्याच्या बाजूला किंवा आतल्या कागदावर छापलेली असते. ती जिथं छापलेलीच नाही तो चार्जर आम्ही बाजूला ठेवला, मग दुकानदार काहीही सांगो. एक फोन चालू असताना दुसरा लावला की पहिल्याचं चार्जिंग क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तेव्हा चार्जर नव्यानं वाटणी करत असतो, बिघडलेला नसतो. घाबरू नका.

तोंडं आम्ही चारच घेतली. दोन जुनी, रुंद, आयताकृती, आणि दोन नवी, लहान, दोन्ही बाजूंनी बसणारी, ज्याला टाइप-सी म्हणतात. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाइप-सीच असलं पाहिजे असा कायदा लागू झालाय, आणि इथंही नवे फोन बहुतेक तसेच येतात. पण आपल्याकडं जुने फोनही आहेत, म्हणून दोन्ही तऱ्हा हव्यात. पाच फोनांना चार तोंडं कशी पुरणार, असं अक्कांनीच विचारलं. आम्ही कार्यालयात करून पाहिलं. चार फोन अडीच तासांत भरले, मग पाचवा लावला. रात्र तेवढी मोठी असतेच.

काही फोनांच्या जाहिरातीत ८० वॅट वगैरे लिहिलेलं असतं. तो वेग त्यांच्याच चार्जरवर मिळतो. दुसऱ्यावर तेच फोन हळू भरतात. आमच्यातल्या एकीचा तसा आहे, तिनं आपला जोडीला घ्यावा असं ठरलंय.

तिसरं, शिक्का. आपल्या देशात मोबाइलच्या चार्जरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ‘आर’ हे अक्षर आणि पुढं आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं अॅप फोनवर घेतलं की त्यात तो क्रमांक घालून बघता येतो. आम्ही दुकानात उभं राहूनच बघितलं. तीनपैकी एका चार्जरचा क्रमांक भलत्याच मालाचा निघाला! दुकानदारानं तो मुकाट्यानं आत ठेवला. त्यानं तो पुन्हा बाहेर काढला असेल का, हे आम्हाला रोज त्या रस्त्यानं जाताना वाटतं.

चौथी गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते, ती म्हणजे वजन. जड चार्जर अडॅप्टरमध्ये खोचला की भिंतीवरून लोंबकळतो, पिना सैल होतात आणि तिथंच ठिणगी पडते. म्हणून आम्ही वायरवाला घेतला. चार्जर टेबलावर राहतो, भिंतीत फक्त पिन. केनियासाठी तीन चपट्या पिनांचा साधा, घट्ट बसणारा अडॅप्टर वेगळा घेतला. सगळ्या देशांच्या पिना एकातच सरकवून काढायच्या तो प्रकार आम्हाला आता नकोसा झालाय. जर्मनी-फ्रान्सला जाणारीला दोन गोल पिनांचा लागेल, अमेरिकेला दोन चपट्या.

आणि एकटीच दुबईला लेकाकडं निघाली असाल, फोन एकच असेल, तर यातलं काहीही घेऊ नका. तुमच्या फोनचा मूळ चार्जर, त्यावर १००-२४० आहे ना ते बघा, आणि एक चांगला अडॅप्टर. झालं. दोन हजार रुपये नातवंडांना न्या.

पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातल्या पिशवीत ठेवा. विमानात सामानाच्या पोटात टाकायच्या बॅगेत तिला मनाई आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे आपली नेहमीची १० किंवा २० हजारांची बसते. विमानात बसल्यावर ती वापरता येते का, हे आधी विचारा. चार्जर मात्र कुठंही ठेवा, त्यात बॅटरी नसते. विमानतळावर भिंतीत नुसतं केबल खोचायचं तोंड असतं, तिथं फोन लावायचा मोह टाळा. अशा तोंडातून फोनमधली माहिती चोरता येते, रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीवरच्या पुस्तिकेतही हा प्रकार दिलाय. आपला चार्जर भिंतीच्या बोर्डात लावून त्यातून फोन भरा.

चार्जर घेतल्यावर पंधरा दिवस घरी वापरा. सगळे फोन एकदम लावा, तासाभरानं हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, हात धरवेना किंवा जळका वास आला तर परत करा. पावती फेकलेली नसावी म्हणजे झालं. गोधडीखाली, उशीखाली चार्जिंग नको, हे इथंही लागू आहे.

केबली पाचजणींच्या सारख्याच दिसतात आणि सकाळच्या घाईत बदलतात. अक्कांनी प्रत्येकीच्या केबलला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून दिलाय. त्या यंदा जाणार नाहीत. नात आता बसायला लागलीय.

जाणाऱ्या पाचजणींनी आणि ज्यांना हवं त्या कुणीही येत्या मंगळवारी बैठकीला आपापल्या घरचे चार्जर घेऊन यावं. मागची बारीक अक्षरं सगळ्या मिळून वाचू. भिंग आम्ही आणतो.