जीर्ण पानांचा जमाखर्च



जुन्या ग्रंथालयातील एखादे पुस्तक उघडावे, तर पान उलटतानाच त्याचा कोपरा तुटून हातात येतो. त्याला वाळवी लागलेली नसते, पावसाचे पाणीही लागलेले नसते. दोष पुष्कळदा कागदाच्या अंगचाच असतो, आणि तो रसायनशास्त्राच्या समीकरणांत स्पष्ट वाचता येतो.

समीकरण ही निसर्गाची जमाखर्चाची वही होय. रासायनिक क्रियेपूर्वी जितके द्रव्य असते तितकेच क्रियेनंतरही असते, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. आजच्या भाषेत सांगायचे, तर अणू नवे जन्मत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. त्यांची जोडणी तेवढी बदलते. म्हणून बाणाच्या डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे दाखवावे लागतात. हा मेळ बसविताना रेणूंची संख्या बदलण्याची मुभा असते, रेणूची घडण बदलण्याची नसते.

१८०७ साली जर्मनीत मोरित्झ इलिग याने कागदाच्या लगद्यातच राळ व तुरटी मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. कागदावर शाई फुटू नये, हा तिचा हेतू. पुढे तुरटीची जागा ॲल्युमिनियम सल्फेटने घेतली. पाण्याशी त्याची अंशतः दुहेरी विस्थापन अभिक्रिया होते आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व सल्फ्युरिक आम्ल तयार होते. हे समीकरण संतुलित करून पाहावे. डावीकडे ॲल्युमिनियम सल्फेटचा एक रेणू घेतला, तर त्यात ॲल्युमिनियमचे २ अणू आहेत. म्हणून उजवीकडे हायड्रॉक्साइडचे २ रेणू हवेत. सल्फेटचे ३ गट आहेत. म्हणून आम्लाचे ३ रेणू हवेत. या सर्वांत मिळून हायड्रोजनचे १२ अणू होतात. ते पुरविण्यास पाण्याचे ६ रेणू लागतात. शेवटी ऑक्सिजन मोजावा, तो दोन्हीकडे १८ भरतो. वही जुळली.

हे आम्ल कागदातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडू लागते. ही जलअपघटन अभिक्रिया. प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. आम्ल मात्र खर्ची पडत नाही. ते उत्प्रेरक असल्यामुळे समीकरणाच्या दोन्ही बाजूंस सारखेच उरते आणि जमाखर्चात त्याची नोंदच होत नाही. अल्पसे आम्ल वर्षानुवर्षे कागद खात राहते, ते यामुळेच. उष्णता व दमटपणा या क्रियेचा वेग वाढवितात. हवेतील सल्फर डायऑक्साइडही ऑक्सिजन व ओलावा यांच्याशी संयोग पावून आम्लात भर घालतो.

यावर उपाय उदासिनीकरणाचा. अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कागद प्रथम चुन्याच्या निवळीत आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत रूढ केली. निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा एक रेणू आम्लाच्या एका रेणूशी मिळून कॅल्शियम सल्फेटचा एक आणि पाण्याचे दोन रेणू होतात. शिवाय कागदात कॅल्शियम कार्बोनेट शिल्लक राहते आणि पुढे येणाऱ्या आम्लाला तोंड देते. शाई पाण्यात विरघळणारी असेल, तर मात्र हे स्नान वर्ज्य होय. आणि हे काम तज्ज्ञाच्याच हातचे.

तथापि एक मर्यादा ध्यानी ठेवावी लागते. उदासिनीकरणाने पुढील झीज मंदावते. तुटलेल्या साखळ्या पुन्हा सांधल्या जात नाहीत. म्हणून उपचार पान तुटण्यापूर्वीच व्हावा लागतो. कोरडी, थंड जागा, आम्लविरहित वेष्टन आणि दुर्मीळ ग्रंथाची वेळीच काढलेली प्रत, या गोष्टी त्यासाठीच आवश्यक ठरतात.

पानाचा भुगा झाला तरी अणूंचा हिशेब चोख जुळतो. एकही अणू हरवत नाही. हरवतो तो मजकूर, आणि त्याची नोंद कोणत्याही समीकरणात नसते. ती राखण्याचे काम ग्रंथालयाचे व त्याच्या आश्रयदात्यांचे आहे.